तेलबंदराची जागा : निवड आणि राखण

(ताथवडे येथे अधिकारी, शिक्षक व परिसरातील पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

ताथवडे आणि समुद्र यांच्यामध्ये सह्याद्रीची रांग उभी आहे. मुंबई बंदर येथून रस्त्याने सव्वाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. नृसिंहाचे मंदिर, शासनाचे पशुपैदास केंद्र आणि पवनेच्या खोऱ्यातील शेती ही या गावाची जुनी ओळख. २००९ मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. आज एका अंगाला मुंबई-बंगळूर महामार्ग आणि दुसऱ्या अंगाला हिंजवडी अशी त्याची स्थिती आहे. अशा गावी तेलवाहू जहाजांच्या बंदराची जागा कशी निवडावी, याचा विचार कशासाठी करावयाचा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर या पट्ट्याच्या चक्राचक्रांत आहे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड, चाकण असा उद्योगांचा पसारा वाढत गेला. या पसाऱ्याला लागणारे डिझेल, पेट्रोल, वंगण, स्वयंपाकाचा गॅस आणि प्लॅस्टिकचा कच्चा माल ही सर्व खनिज तेलाची अपत्ये होत. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पाचांतील चार भागांहून अधिक तेल परदेशांतून जहाजाने येते. याचा अर्थ असा की, या भागातील बहुतेक इंधनाने केव्हा ना केव्हा एखाद्या बंदराचा उंबरठा ओलांडलेला असतो. तो उंबरठा कोठे असावा, हा निर्णय समुद्रकाठी होतो. परंतु त्याचे परिणाम घाट चढून येथवर येतात.

खोली आणि आसरा

तेलबंदराच्या जागेची पहिली कसोटी पाण्याची खोली ही होय. १९६७ च्या जून महिन्यात सुएझ कालवा बंद झाला आणि तो १९७५ पर्यंत बंदच राहिला. आखाती देशांचे तेल आफ्रिकेला वळसा घालून युरोपात न्यावे लागू लागले. लांबच्या प्रवासात मोठे जहाज टनामागे स्वस्त पडते, म्हणून तेलवाहू जहाजांचा आकार झपाट्याने वाढला. तीन लाख टन तेल नेणारे जहाज पूर्ण भरले म्हणजे पाण्याखाली सुमारे २२ मीटर बुडते. त्याची लांबी ३३० मीटरांच्या आसपास असते. जहाजाच्या तळाखाली आणखी काही मीटर पाणी सुरक्षिततेसाठी राखावे लागते. इतके खोल पाणी किनाऱ्याजवळ फार थोड्या ठिकाणी मिळते.

मुंबई बंदराचा मुख्य जलमार्ग इतका खोल नाही. भरतीचे पाणी त्यात भर घालते म्हणून मध्यम आकाराची तेलवाहू जहाजे आत येऊ शकतात. अतिप्रचंड जहाजे पूर्ण भरलेल्या स्थितीत येऊ शकत नाहीत. समुद्राचा तळ उपसून खोली वाढविता येते. परंतु ज्या खाडीत दर पावसाळ्यात नद्या गाळ आणून टाकतात तेथे हा उपसा एकदा करून संपत नाही. तो दरवर्षी करावा लागतो आणि त्याचा खर्च बंदराच्या आयुष्यभर चालू राहतो.

याला दुसरा पर्याय म्हणजे किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रात एक मोठा तरंगता बोया नांगरून ठेवणे. जहाज त्याला एकाच ठिकाणी बांधले जाते, वारा व प्रवाह यांच्याप्रमाणे त्याच्याभोवती फिरते, आणि तेल लवचिक नळीतून समुद्रतळावरील वाहिनीत व तेथून किनाऱ्यावरील टाक्यांत जाते. कच्छच्या आखातात वाडीनार येथे अशी व्यवस्था १९७८ पासून आहे आणि तेथे उतरलेले तेल थेट उत्तर प्रदेशातील मथुरेपर्यंत नळाने नेण्याची योजना त्याच काळात झाली. मात्र त्याच आखातात प्रवाळांची बेटे आहेत आणि १९८२ मध्ये त्यातील एक भाग सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. खोल आणि शांत पाणी जहाजाला हवे असते, तसेच ते सागरी जीवांनाही हवे असते. त्यामुळे उत्तम जागेवर एकाहून अधिक हक्कदार असतात, ही गोष्ट जागा निवडणाऱ्याने प्रारंभीच लक्षात घेतलेली बरी.

दुसरी कसोटी आसऱ्याची. कोकणचा किनारा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना छातीवर घेतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या समुद्रात उसळणाऱ्या लाटांत जहाज धक्क्याला लावणे धोक्याचे असते. मुंबईचे बंदर शतकानुशतके वाढले याचे एक मोठे कारण, ते बेटांच्या पूर्वेच्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला आहे. जेथे असा निसर्गदत्त आडोसा नाही तेथे समुद्रात दगडांची लाटारोधक भिंत बांधावी लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथे द्रवरूप नैसर्गिक वायू उतरविण्याचे केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले. पण लाटारोधक भिंत अपुरी असल्यामुळे अनेक वर्षे पावसाळ्यात जहाजे तेथे लागू शकत नव्हती. वर्षातील चार महिने निष्क्रिय राहणारी कोट्यवधींची यंत्रसामग्री हे आसऱ्याची कसोटी दुय्यम मानण्याचे मूल्य होय.

या दोन्ही कसोट्यांवर जागा तपासण्याचे शास्त्र पुणे जिल्ह्याला परके नाही. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राची स्थापना १९१६ मधील. समुद्रापासून दूर असलेल्या या संस्थेत बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांत कृत्रिम लाटा व भरती-ओहोटी निर्माण केली जाते. भिंत कोणत्या दिशेने बांधली तर लाट मोडेल, गाळ कोठे साचेल, हे प्रत्यक्ष खर्च करण्यापूर्वी पाहिले जाते. जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना भूगोलाचा हा धडा पुस्तकाबाहेर दाखविता येण्यासारखा आहे.

वस्तीपासूनचे अंतर

खोली आणि आसरा या निसर्गाच्या कसोट्या झाल्या. तिसरी कसोटी माणसांची आहे. तेल पेट घेते, आणि म्हणून ते जेथे चढते-उतरते ती जागा वस्तीपासून दूर हवी.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर आग लागली. त्या एकाच जहाजात स्फोटके, कापसाच्या गाठी आणि वंगणतेलाची पिंपे भरलेली होती, आणि गोदी दाट वस्तीला लागून होती. स्फोटांत शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण दिले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो याच घटनेच्या स्मरणार्थ. ज्वालाग्राही माल शहराच्या कुशीत उतरविण्याचा अर्थ काय होतो, हे त्या दिवशी मुंबईने पाहिले.

स्वातंत्र्यानंतर तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभारण्याचे ठरले तेव्हा मुंबईच्या पूर्वेकडील तुर्भे-माहुलचा भाग निवडला गेला. स्टॅनव्हॅक कंपनीचा कारखाना १९५४ मध्ये आणि बर्मा-शेल कंपनीचा १९५५ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीयीकरणानंतर हेच कारखाने अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्यांकडे आले. त्यांच्यासाठी मोठी तेलवाहू जहाजे लावण्याची जागा मात्र शहराच्या काठावर न घेता बंदराच्या मध्यावर, मुंबई व घारापुरी यांच्या दरम्यानच्या बुचर बेटावर घेण्यात आली. हेच आजचे जवाहर द्वीप. तेथे पन्नासच्या दशकात तीन धक्के बांधले गेले, १९८४ मध्ये चौथा झाला, आणि तेल समुद्रतळावरील नळांतून तुर्भ्याला जाऊ लागले.

या निवडीची परीक्षा ६ ऑक्टोबर २०१७ रोजी झाली. जवाहर द्वीपावरील डिझेलच्या एका टाकीवर वीज कोसळली आणि ती टाकी काही दिवस जळत राहिली. धुराचा लोट शहरातून दिसत होता. परंतु बेटावर वस्ती नसल्यामुळे कोणाला घर सोडावे लागले नाही आणि प्राणहानी झाली नाही. मधल्या पाण्याचे अंतर हेच त्या दिवशी सर्वांत मोठे संरक्षण ठरले.

याच्या उलट उदाहरण आयर्लंडमधील बँट्री उपसागराचे आहे. सुएझ बंद झाल्यानंतरच्या वर्षांत तेथील व्हिडी बेटावर अतिप्रचंड जहाजांसाठी तेलबंदर उभे राहिले. पाणी खोल, उपसागर आडोशाचा, वस्ती विरळ. जागा कागदावर निर्दोष होती. ८ जानेवारी १९७९ रोजी ‘बेटेलग्यूज’ हे जहाज धक्क्यालाच फुटले आणि जळाले. जहाजावरील व धक्क्यावरील ५० माणसे मेली. किनाऱ्यापासून तुटलेल्या त्या धक्क्यावरून कामगारांना सुटकेचा मार्ग मिळाला नाही. जागा निर्दोष असली तरी तेथे काम करणाऱ्यांना बाहेर पडण्याची वाट आणि मदतीला धावणारे पथक नसेल, तर निवड अपुरी राहते.

माहुलचा धडा

मुंबईच्या निवडीची दुसरी बाजू अधिक विचार करायला लावणारी आहे. १९५५ मध्ये तुर्भे-माहुल हा शहराबाहेरचा कोळ्यांचा व मिठागरांचा भाग होता. त्या काळाच्या दृष्टीने अंतर पुरेसे होते. पुढील पन्नास वर्षांत शहर वाढत वाढत कारखान्यांच्या कुंपणापर्यंत आले. इतकेच नव्हे, तर अन्य प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांसाठी मोठी वसाहत माहुल येथेच बांधली गेली. तेथील हवेच्या प्रदूषणाची दखल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये घेतली, आणि रहिवाशांना तेथे राहण्यास भाग पाडू नये असा पवित्रा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घेतला.

येथे चूक जागा निवडणाऱ्यांची होती असे म्हणता येणार नाही. त्यांनी अंतर ठेवले होते. ते अंतर राखले गेले नाही. कारखाना जागचा हलला नाही. वस्ती त्याच्याकडे चालत गेली, आणि प्रत्येक पावलाला कोणत्या ना कोणत्या कार्यालयाची परवानगी होती. तेलबंदराची जागा एकदा निवडून भागत नाही, ती पिढ्यानुपिढ्या राखावी लागते, हा माहुलचा धडा होय. निवडीचे काम तज्ज्ञ आणि मंत्रिमंडळे करतात. राखणीचे काम मात्र नगररचना अधिकारी, ग्रामपंचायती आणि जागरूक नागरिक यांच्याकडे येते.

समुद्रातील शेजारी

अंतर राखण्याचा हा विचार जमिनीपुरता नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ ही दोन जहाजे आपसांत धडकली. यांतील एकही तेलवाहू नव्हते. तरीही ‘चित्रा’च्या स्वतःच्या इंधनापैकी शेकडो टन तेल समुद्रात सांडले, तिच्यावरील पेट्या पाण्यात पडल्या आणि बंदर काही दिवस बंद ठेवावे लागले. तेलाचा थर रायगडच्या किनाऱ्यावरील खारफुटीत शिरला. खारफुटीच्या मुळांत मासळीची पिले वाढतात. तेथे चिकटलेले तेल हाताने पुसून काढता येत नाही. त्या हंगामात कोळ्यांच्या मासळीला गिऱ्हाईक मिळेना.

समुद्रात सांडलेल्या तेलाचा बंदोबस्त करण्यासाठी १९९६ मध्ये राष्ट्रीय आपत्कालीन आराखडा लागू झाला आणि त्याचा समन्वय तटरक्षक दलाकडे आहे. तथापि तेल एकदा किनाऱ्याला लागले की काम जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि किनाऱ्यावरील ग्रामपंचायती यांच्यावर येते. म्हणून बंदराची जागा ठरविताना प्रवाह कोणत्या दिशेने वाहतात, सांडलेले तेल किती तासांत कोणत्या गावाला पोहोचेल, याचा नकाशा त्या गावांच्या हाती असावयास हवा.

संमतीची कसोटी

कोकणातील अलीकडचा अनुभव चौथ्या कसोटीकडे बोट दाखवितो. वर्षाला सहा कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प पश्चिम किनाऱ्यावर उभारण्याचे तीन सरकारी तेल कंपन्यांनी २०१५ मध्ये ठरविले. मुंबईतील दोन्ही कारखान्यांची एकत्रित क्षमता दोन कोटी टनांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे प्रकल्पाचा आकार कळतो. राजापूर तालुक्यातील नाणार परिसर कारखान्यासाठी आणि देवगड तालुक्यातील गिर्ये-रामेश्वरचा परिसर समुद्राकडील कामांसाठी योजिला गेला. २०१७ मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली. २०१८ मध्ये सौदी अरेबिया व अबुधाबी येथील राष्ट्रीय तेल कंपन्या भागीदार होण्यास पुढे आल्या.

खोली, रुंद जमीन, आखाताशी सोयीचा सागरी मार्ग या दृष्टींनी निवडीला आधार होता. रोजगाराची आशा बाळगणारे लोकही त्या तालुक्यात होते आणि आहेत. परंतु हा हापूस आंब्याचा व मासेमारीचा प्रदेश. बागा आणि खाड्या यांचे काय होणार, या प्रश्नाचे समाधान होण्यापूर्वी जमिनीच्या अधिसूचना निघाल्या आणि विरोध वाढत गेला. २०१९ मध्ये नाणारची अधिसूचना रद्द झाली. २०२२ मध्ये त्याच तालुक्यातील बारसूचे नाव पुढे आले. २०२३ च्या एप्रिलमध्ये तेथे माती परीक्षण सुरू होताच गावकरी सड्यावर बसले आणि मोठा पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला. बारसूच्या सड्यावर प्राचीन कातळशिल्पे आहेत. कोकणातील अशा शिल्पस्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झालेला आहे.

प्रकल्प हवा की नको, याचा निकाल लावणे हा या भाषणाचा हेतू नाही. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. लोकांना अखेरीस सांगितले तर ती माहिती न राहता धक्का ठरते. आंबा, मासळी, पाणी आणि वारसा यांचा हिशेब जागा ठरण्याआधी गावापुढे मांडला गेला असता, तर होकार असो वा नकार, तो वर्षे न दवडता मिळाला असता. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. तेथे किनाऱ्याजवळ सुमारे २० मीटरांची नैसर्गिक खोली आहे आणि आराखड्यात द्रव मालासाठी चार धक्के आहेत. १९९८ मध्ये याच जागेला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नकार दिला होता आणि २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह संमती दिली. मच्छीमारांचा विरोध या सर्व काळात टिकून राहिला. खोली पंचवीस वर्षांत बदलली नाही, लोकांची शंकाही बदलली नाही. म्हणून दिलेल्या अटी प्रत्यक्षात पाळल्या जातात की नाही, यावरच तेथील विश्वास अवलंबून राहील.

बंदरापासून ताथवड्यापर्यंत

तेलबंदर हा नकाशावरचा ठिपका मानला जातो. वास्तविक ती एक रेषा आहे. जहाजाच्या वाटेपासून धक्का, टाकी, शुद्धीकरण कारखाना, नळ, आगार, टँकर आणि अखेरचा पंप अशी ती जाते. या रेषेचा जमिनीवरील भाग सुरक्षित नसेल, तर समुद्रावरील निवड कितीही शास्त्रशुद्ध असली तरी अर्धीच ठरते.

मुंबईपासून पुण्याजवळच्या लोणी काळभोरपर्यंत इंधन नेणारा नळमार्ग १९८५ पासून कार्यरत आहे आणि पुढे तो सोलापूरकडे वाढविण्यात आला. मुंबई-मनमाड नळमार्ग १९९८ मधील आहे. नळाचा लाभ साध्या हिशेबाने कळतो. एक लाख टन इंधन २० टनांच्या टँकरने घाटावर आणायचे तर ५,००० फेऱ्या होतात. १३ जून २०२३ रोजी खंडाळ्याच्या घाटात द्रुतगती मार्गावर ज्वालाग्राही रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळते द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडले आणि चार जणांचे प्राण गेले. नळाने जाणारा प्रत्येक टन घाटातील एवढा धोका कमी करतो.

मात्र नळ शेतातून जातो. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज नळमार्ग अधिनियमानुसार जमीन मालकाकडेच राहते. शासन केवळ तिच्या वापराचा हक्क घेते. अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांच्या आत मालकाला सक्षम प्राधिकाऱ्यापुढे लेखी हरकत घेता येते. पिकांच्या व अन्य नुकसानीची भरपाई वेगळी मिळते आणि हक्काच्या मोबदल्यादाखल जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम देय असते. नळ पुरल्यावर त्या पट्ट्यात पूर्वीप्रमाणे पीक घेता येते. पण घर, विहीर, तळे बांधता येत नाही आणि झाड लावता येत नाही. शेतकऱ्याला २१ दिवसांची ही मुदत बाविसाव्या दिवशी कळू नये, एवढी खबरदारी ग्रामपंचायतीने घेतली तरी पुष्कळ साधेल.

आणि रेषेचे शेवटचे टोक याच गावात आहे. ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ताथवडे येथे एका टँकरमधून बेकायदा रीतीने सिलिंडरांत गॅस भरला जात असताना एकामागून एक स्फोट झाले. जवळ शिक्षणसंस्था होत्या. तेथे उभ्या असलेल्या शाळेच्या बस जळाल्या. ती वेळ दिवसाची असती तर काय झाले असते, याची कल्पना करण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाही. माहुलमध्ये कारखान्याकडे वस्ती चालत गेली. ताथवड्यात टँकर वस्तीत येऊन उभा राहिला. दोन्ही ठिकाणी हरवले ते अंतरच.

कोणी काय करावे

यावर उपाय अलौकिक नाहीत. त्यांपैकी बहुतेक कायद्यात आहेतच.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने पाहता, विकास आराखड्यावर नळमार्ग, इंधनाची आगारे आणि धोकादायक मालाच्या वाहनतळांच्या जागा स्पष्ट दाखवून त्यांच्याभोवतीचा पट्टा बांधकामाच्या परवानगीतून वगळणे हे पहिले काम. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्यांसाठी कुंपणाबाहेरचा आपत्कालीन आराखडा करावा लागतो. तो कपाटात न ठेवता वर्षातून एकदा त्याची रंगीत तालीम झाली पाहिजे, आणि त्या तालमीत शेजारच्या शाळा व वसाहती सहभागी झाल्या पाहिजेत. ज्वालाग्राही माल भरलेल्या टँकरांना थांबण्यासाठी वस्तीपासून दूर, उजेडाची व पाण्याची सोय असलेली जागा दिल्यावाचून त्यांना रस्त्याकडेला थांबू नका म्हणून सांगण्यात अर्थ नाही.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने पाहता, २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार बंदर किंवा शुद्धीकरण कारखाना यांसारख्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी प्रसिद्ध होते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. हा सारांश सुनावणीच्या दिवशी प्रथमच पाहण्याऐवजी ग्रामसभेत आधी वाचून दाखवावा. त्यावर पाच प्रश्न विचारावेत : पाणी किती खोल आहे आणि दरवर्षी किती गाळ उपसावा लागेल, पावसाळ्यात बंदर चालेल काय, अपघात झाल्यास कोणत्या अंतरापर्यंत धोका आहे, तेल पुढे कोणत्या वाटेने जाईल, आणि पन्नास वर्षांनंतर हे अंतर कोण राखील. पाचव्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे, कारण पहिल्या चारांची उत्तरे देणारे तज्ज्ञ तोवर निवृत्त झालेले असतील.

शिक्षकांच्या दृष्टीने पाहता, वर्गातील प्रत्येक मूल रोज एखाद्या टँकरच्या बाजूने शाळेत येते. त्या टँकरवर नारिंगी चौकटीत एक चार आकडी क्रमांक लिहिलेला असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. शेजारी आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक असतो. गळती दिसल्यास जवळ न जाता, वाऱ्याच्या उलट दिशेने दूर होऊन तो क्रमांक व वाहनाची जागा मोठ्यांना कळविणे, एवढे शिक्षण दहा वर्षांच्या मुलालाही देता येते. गाळाची, भरतीची आणि मोसमी वाऱ्यांची शिकवण भूगोलाच्या तासाला होतेच. तिला या रेषेची जोड दिली तर विद्यार्थ्याला बंदर आणि आपले गाव यांतील नाते समजेल.

देशाला तेल लागते तोवर तेलबंदरे लागणार. पुढे इंधन बदलले तरी द्रवरूप वायू असो की अन्य काही, धोक्याचा माल जहाजाने येतच राहील. समुद्रकिनारा वाढविता येत नाही, आणि खोल पाण्याच्या आडोशाच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. म्हणून त्या विचाराने निवडल्या पाहिजेत. निवडून झाल्यानंतरचे काम मात्र समुद्रकाठच्या तालुक्यांप्रमाणेच ताथवडे, पुनावळे, वाकड, मारुंजी येथील नागरिकांचेही आहे. या परिसरातील महापालिकेच्या प्रभागाने व पंचायतीने आपल्या हद्दीतील नळ, आगार आणि टँकरतळ यांची एक यादी तयार करून ती फलकावर लावली, तर त्या कामाचा आरंभ होईल. त्यासाठी कोणत्याही नव्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.